साहेबांच्या खुर्चीचे सुटे भाग

मोडलेली खुर्ची दुरुस्त करून आणण्यात आमच्या गावात माझा हात धरणारा कोणी नाही. मोडण्यातही नाही.

परभणीहून रेल्वेत अंग आंबवून दिल्लीला पोचलो. आमची ज्योती राजेंद्रनगरला तिसऱ्या मजल्यावर राहून कलेक्टरची परीक्षा देते. लेखी पेपर आठ दिवसांवर आलेले. खोली एवढीशी, की पिशवी आत ठेवली तर मी बाहेर. त्यात मोठी वस्तू एकच, चाकाची खुर्ची. आमच्याच जिल्ह्यातला एक पोरगा साहेब झाला आणि जाताना ज्योतीला ही देऊन गेला. गावात हे मी न विचारता सगळ्यांना सांगितलेलं. म्हणून चप्पल काढली, नमस्कार केला आणि तिच्यावर टेकलो. खुर्ची फुस्स करून खाली गेली, ती वर यायचं नाव घेईना.

"अप्पा, जुनीच झाली होती ती. नवी मागवते," ज्योती म्हणाली.

"साहेबांची खुर्ची टाकायची? मी आणतो नीट करून. तू वाच."

ती पलंगावर वाकून वाचायला बसली. तिची पाठ बघून माझीच दुखायला लागली.

जिन्यावरून खुर्ची मी उतरवली का तिनं मला, सांगता येत नाही. ई-रिक्षात ती मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं चाकं बघून विचारलं, "भाईसाब, मरीज़ कहाँ है?"

"मैंच है," म्हणालो.

कीर्तीनगरला बघावं तिकडं फर्निचर. सोफे उघड्या अंगानं रस्त्यावर उभे, कापडाची वाट बघत. पाच दुकानं फिरलो. सगळे नवी खुर्ची दाखवायचे. शेवटी एका गल्लीत हरियाणाचा एक मिस्त्री भेटला. भोवती खुर्च्यांच्या हातापायांचा ढीग.

"ताऊ (थोरले काका), इसका तो राम नाम सत्य हो लिया."

"ऐसा मत बोलो. इसपे बैठके साहब हुआ है!"

"अच्छा? तो मैं क्यूँ ना हुआ? सारा दिन कुर्सियों में ही बैठूँ."

त्यानं खुर्चीला वर उचलणारा नळा बदलला. नवा नळा बसवताना खालचा पाच पायांचा सांगाडा तडकला. ढिगातून दुसरा काढला, तर त्याला जुनी चाकं लागेनात. चाकं झाली, तर बैठकीची फळी भुसा. मग पाठ. साहेब हळूहळू निघून चालले होते.

मध्ये छोले-कुलचे (मैद्याची मऊ भाकर) खाल्ले. परभणीच्या माणसाला दिल्लीची मिरची काय करणार, म्हणून अख्खी चावली. पुढचा अर्धा तास मिस्त्रीला वाटलं, मी खुर्चीसाठी रडतोय.

"ताऊ, पुराना बस ये हत्था बचा. इसे भी बदल दूँ?"

"हात लावू नको!" मी मराठीतच ओरडलो. त्याला समजलं. बाकीचे जुने तुकडे मी पोत्यात भरून घेतले. पुण्याई कशात चिकटलेली असेल, काय सांगता येतं?

संध्याकाळी खुर्ची वर नेली. ज्योतीपुढं तिच्यावर बसलो, दोन गिरक्या घेतल्या. खाली जाईना, कुरकुरेना. पोरीच्या पुस्तकातली एक ओळ मला वाचता येत नाही, पण तिच्या अभ्यासाला माझा एक नट तरी लागला. छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण ताणलं.

"आणि पोत्यात काय?" ज्योतीनं विचारलं.

"साहेबांची पुण्याई. पलंगाखाली ठेव."

"अप्पा, या खुर्चीवर बसून ते तीनदा नापास झाले. चौथ्या वेळी कंबर धरली म्हणून लायब्ररीत जाऊन बसले, तेव्हा पास झाले. उठा आता, मला वाचायचंय."