बाटलीच्या मापाचा गाऊन

बायकोच्या मशीनवर दोन परकर सरळ शिवले आणि मला वाटलं, आपल्याला शिवण येतं. तेव्हापासून तुळिंजच्या फ्लॅटमध्ये मी रविवारी पडदे ओढून बाहुल्यांचे जुन्या थाटाचे कपडे शिवायचो. पडदे नसले की समोरच्या गॅलरीतून हमखास यायचं, "काका, ब्लाऊजचं माप बाहुली स्वतः देते का हो?"

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना बाहुल्या जमवायचा नाद. राहायला निर्मळला. त्यांनी चिनी मातीच्या डोक्याची बाहुली आणि आईच्या लग्नाचा फोटो माझ्या हवाली केला. "आईचा नव्वदावा वाढदिवस आहे. तिला आता दिसत नाही, सगळं हातानं चाचपते. आपला लग्नाचा गाऊन तिला ओळखू आला पाहिजे."

"न ओळखून जाईल कुठं!" मी म्हटलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

बाहुली फुटेल या धास्तीनं ती कापसात गुंडाळून कपाटात ठेवली आणि तिच्या कमरेएवढी खोबरेल तेलाची बाटली शोधली. चुण्या, झालर, नखाएवढी लेस, सगळं बाटलीवर बसवलं. बाटली अगदी नवरी दिसायला लागली.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाहुली काढली. गाऊन डोक्यावरून जाईना, अंबाडा आडवा. पायाकडून चढवावा तर गाऊनची कंबर अडत होती.

"अहो, बाटलीला डोकं कुठं असतं?" बायको कांदा चिरता चिरता म्हणाली.

"लक्षातच नाही आलं."

"तुमचंही तसंच आहे म्हणा. पाठ उसवा आता."

कात्री घेऊन मी स्वयंपाकघर ते गॅलरी फेऱ्या मारत राहिलो. बसलो, उठलो, शेवटी उभ्या उभ्याच कापलं. अर्थातच वाकडं. गाऊन चढवून पाठीला टाचण्या मारल्या, वरून नवरीच्या डोक्यावरची जाळी सोडली.

सकाळी स्कूटरवर मागे बायको, तिच्या मांडीवर बाहुली. प्रत्येक खड्ड्याला मी विचारत होतो, "टाचण्या आहेत ना?"

"तिच्या आहेत. तुमचाच स्क्रू पडलाय वाटेत."

निर्मळला ओटीवर पाहुणे जमलेले. आजींनी बाहुली मांडीवर घेतली. बोटं गळ्याच्या लेसवरून, बाह्यांवरून, झालरीवरून सावकाश फिरली. चेहरा खुलला. मी श्वास सोडणार, तोच त्यांनी बाहुली पालथी केली. बोट थेट टाचणीवर.

"हा माझा नाय. माझ्या पाठीला बटनं होती."

फोटोत पाठ कुठून दिसणार! बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी चपलांकडे.

"मग लाव की," आजी म्हणाल्या. "इथंच बस."

बाईंनी बटनं म्हणून तुटलेल्या माळेतले बारके मोती आणून दिले. पाहुणे मला पाय लागू न देता जात होते, आतून जेवणाचा वास येत होता, सुई माझ्याच बोटात जात होती. एकेक मोती लागला की आजी चाचपायच्या आणि "हां, पुढचं" म्हणायच्या.

कमरेजवळचा शेवटचा मोती लावायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"ते नको. ते मी उघडंच ठेवलं होतं. जेवायचं होतं ना रे लग्नाचं!"

मग लेकीला हाक मारून म्हणाल्या, "माझाच आहे. वाढ त्याला."