आठ वाजेपर्यंतची नाडी

आमच्याकडे अधूनमधून एक वकीलबाई येतात आणि आम्हा नर्सना कायदा शिकवतात. संमती म्हणजे काय, नोंद म्हणजे काय, खोटी नोंद हा गुन्हा कसा. आम्ही चहात बिस्किटं बुडवत माना डोलावतो. बाईंच्या एकटीच्या गळ्यात एकदा अठरा खाटा घालून बघाव्यात, असं माझ्या मनात येतं. मग माझाच राग येतो, कारण खाटा अठरा होत्या म्हणून मी ते केलं नव्हतं. सगळ्याच करत होत्या, म्हणून केलं.

तेव्हा मी भोरमधल्या एका खाजगी दवाखान्यात होते. दुपारची पाळी दोनला सुरू व्हायची. आल्या आल्या टेबलाशी बसायचं आणि सगळ्या पेशंटचे चार्ट रात्री आठपर्यंत भरून टाकायचे. नाडी, बीपी, ताप, सगळं आधीच. सगळीकडे अठ्ठ्याहत्तर लिहिलं तर डोळ्यांवर येतं, म्हणून एकदा शहात्तर, एकदा ऐंशी. हे मला शिकवणाऱ्या सिस्टर निवृत्त होऊन सुखात आहेत. मी ते पुढच्या चार मुलींना शिकवलं.

त्या दिवशी गुंजवण्याकडची एक म्हातारी पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन वॉर्डात आली होती. सोबत चाळिशीचा मुलगा, आईचा हात धरून स्टुलावर बसलेला. साडेतीनला तो माझ्या टेबलापाशी आला.

"सिस्टर, आईला लई घाम सुटलाय. पाय बी गार पडल्यात."

"ऑपरेशननंतर होतं तसं. पांघरूण घाला," मी म्हटलं. मी खुर्चीतून उठले नाही.

तो पुन्हा आला तेव्हा सव्वापाच झाले होते आणि म्हातारी गेली होती. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव झाला. चार्टवर मात्र तिची नाडी आठपर्यंत व्यवस्थित चालू होती.

डॉक्टर ओरडले नाहीत. केबिनचं दार लावून त्यांनी कोरा चार्ट माझ्यापुढे सरकवला. "अर्ध्या अर्ध्या तासाने बघितलंय असं लिहा. साडेचारपर्यंत सगळं ठीक. पाचला बीपी एकदम घसरलं, तुम्ही मला फोन केलात." मी लिहिलं. अक्षरही छान आलं. त्या माणसाचा मला आजही तिटकारा आहे, पण पेन माझ्या हातात होतं. जुना कागद त्यांनी खिशात घातला.

मग त्यांनी मुलाला आत बोलावून नवा चार्ट दाखवला. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला.

"मी दोनपास्नं आईपाशीच बसलोय. एकदा बी कोन आलं न्हाई."

"तुमचा डोळा लागला असेल," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई लागला." तो माझ्याकडे वळला. "सिस्टर, तुमी सांगा."

"मी येऊन बघून गेले," मी म्हटलं. "दर अर्ध्या तासाने. तुम्ही झोपला होतात."

तो भांडेल, टेबल उलथेल, पोलिसांत जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. त्याने चार्टच्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"कालधरनं जागा व्हतो," एवढंच म्हणाला, आणि त्याने माझ्यापुढे हात जोडले.

मी आता दुसरीकडे नोकरी करते. परवा त्याच्या गावची एक बाई बीपी तपासायला आली. मी सहज विचारावं तसं त्याचं विचारलं.

"त्यो व्हय? आय मरत व्हती आन ह्यो झोपला व्हता म्हनं. सवताच सांगतोय समद्यांना. भावांनी बोलनं टाकलंय त्याच्याशी."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या बाईला तिथल्या तिथं खरं सांगता आलं असतं, तिनं ते संध्याकाळच्या आत गावभर केलं असतं. मी तिचं बीपी घेतलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.