उत्तरेकडं तोंड केलेली खुर्ची

माझ्यासारख्यानं कुणाचं चित्र रेखाटावं हे धाडसच. चुकलं तर सांभाळून घ्या.

धाराशिवच्या स्टँडमागच्या सलूनवाल्या मामांना सूर्यावर वादळ झालं की उत्तर ध्रुवाकडं दिसणारा रंगीत प्रकाश आपल्याच आभाळात बघायचाय. कॉलेजला जाताना मला रोज अडवतात. “सूर्यावर वादळ हाय का? दिसंल का आज?” मोबाईलवरचा अंदाज वाचून मी चाचरत म्हणतो, “इतक्या दक्षिणेला अवघड आहे, मामा.” गिऱ्हाइकं हसतात. तरी संध्याकाळी मामा खुर्ची उत्तरेकडं फिरवून बसतात.

परवा मी बातमी वाचून दाखवली: लडाखच्या आभाळात तांबडा प्रकाश दिसला. मामा वस्तरा ठेवून पेढे आणायला पळाले.

“अहो, माझी अर्धी दाढी!” गिऱ्हाईक ओरडलं.

“थांबा की! पाऊस केरळात आला की आपण बियाणं आणतो का न्हाय? ह्यो तर लडाखात आलाय!”