प्रीतीचं भोजन

त्या वर्षी नाताळचं प्रीतिभोजन आमच्या अंगणात होतं आणि मी प्रभूवर रुसले होते. देवाच्या बाबतीत रुसणं हा शब्द वापरावा की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसरा खरा शब्द माझ्याजवळ नाही. रोज प्रार्थनेला बसायचे, डोळे मिटायचे आणि मनात एकच यायचं, की ज्याच्याशी बोलायचं त्यानंच तोंड फिरवलंय, तर आपण तरी कायले बोलावं? मग तशीच उठून शिलाई मशिनीवर जाऊन बसायचे.

कारण होती माझी लेक, प्रीती. साखरपुडा झालेली तिची सोयरीक पावसाळ्यात मोडली. मुलाकडच्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, की मुलाचं मन नाही. भांडण नाही, तंटा नाही, त्यामुळे कुणावर रागवावं तेही कळेना. तोवर चर्चमध्ये गाणी धरणारी, पोरांना रविवारच्या शाळेत शिकवणारी, घरभर बडबडत फिरणारी माझी मुलगी गप्प झाली. नोकरीवर जायची, यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. उपासनेला यायचं तिनं सोडलं. लोक काही वाईट बोलत नव्हते, उलट फार जपून बोलत होते, आणि तिला तेच सहन होत नव्हतं. तिनं पुन्हा माणसांत येऊन बसावं, तर तिचं लग्नच जमायला हवं, असं मला वाटत होतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांत चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात. घाटंजीतली आमची मंडळी लहानशी आहे. नाताळच्या सकाळची उपासना आटोपली की सगळी मंडळी कुणा एकाच्या घरी जमून जेवते, त्या जेवणाला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. जेवणानंतर भेटींची अदलाबदल असते. प्रत्येकानं कागदात बांधून एक भेट आणायची, सगळ्या एका टोपल्यात ठेवायच्या आणि निघताना हात घालून हाती लागेल ती उचलायची. कुणाची भेट कुणाला गेली ते कळत नाही. एका वर्षी आमच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, हाती केसांचे चाप आले होते आणि त्यांच्या डोक्यावर तर केस औषधालाही नाहीत, तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

आमची पाळी आदल्या वर्षीच ठरली होती, सगळं बरं होतं तेव्हा. मी पाळकसाहेबांना म्हटलं, यंदा दुसरीकडे ठेवा. ते म्हणाले, "ठेवू न बाई, त्यात काय. पण एकदा प्रीतीले विचारून घ्या." मी विचारलं. प्रीती म्हणाली, "ठेवा आई. मी आतच राहीन. माह्यासाठी कोणाचं काही अडू देऊ नोको." मी पाळकसाहेबांना आमच्याकडेच ठेवा म्हणून कळवलं.

मंडपाचं काम यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आमच्या गल्लीतल्या बंडूला दिलं. बंडू आमच्या शेजारच्या शांताकाकूंचा मुलगा. घरची कपाशीची शेती आहे आणि जोडीला मंडप-भांड्यांचा धंदा. हे पेपर वाचत होते. एकदा यांच्या हाती पेपर आला की समोरच्याचं निम्मंच यांना ऐकू येतं. बंडूनं विचारलं, "काय कार्यक्रम हाय काका?" हे म्हणाले, "प्रीतिभोजन हाय." बंडूचे डोळे मोठे झाले म्हणे. मग त्यानं विचारलं, "गल्लीले आवतण हाय का?" हे पान उलटत म्हणाले, "येऊ दे न ज्याले याचं त्याले." झालं! आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेवरही प्रीतिभोजन असंच छापतात आणि आमच्या मुलीचं नावही प्रीती. बंडूच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते.

बंडूनं आईला सांगितलं आणि शांताकाकूंनी घरोघरी जाऊन चूलबंद आवतण दिलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, लहानथोर सगळे कार्याच्या घरीच जेवतात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नाताळच्या आधी गल्लीतल्या बाया ब्लाउज शिवायला घाईनं यायला लागल्या, तेव्हा मी शांताकाकूंना विचारलंही, "एवढी घाई कायची व काकू? कुठी लगन हाय का?" त्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "हाय एक. तू शिव गुमान." एकीनंही तोंडावर काही विचारलं नाही. नंतर कळलं, विचारलं असतं तर मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट निघाली असती, ती निघू नये म्हणून सगळ्यांनी आपापली जीभ आवरली होती. त्या माणसांच्या या शहाणपणाचं मला आजही नवल वाटतं. पोटात गोष्ट न ठरणारी आमची गल्ली, पण त्या वेळी तिनं तोंडाला कुलूप घातलं.

नाताळच्या सकाळी मी प्रीतीच्या दारावर टकटक केली. "सणाचा दिवस हाय माय, उपासनेले तरी चाल." आतून आवाज आला, "तुम्ही जा." मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. इतके महिने, रुसत-फुगत का होईना, मी देवाकडे नवरदेवच मागत आले होते, तोही नाताळच्या आत, शिकलेला, जवळपासचा. त्या दिवशी माझ्याच्यानं काही मागवेना. मी एवढंच म्हटलं, "प्रभू, मी हात टेकले. आता तुझं तू पाह्य." त्याला प्रार्थना म्हणायचं तर खुशाल म्हणा, मी ते वैतागून म्हटलं होतं.

उपासना झाली, मंडळी आली. मटण आणि भात तयार होता, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आता पंगत मांडायची, इतक्यात फाटकातून शांताकाकू आत आल्या. नवं लुगडं, मी शिवलेला नवा ब्लाउज, हातात ताट आणि ताटात साडी, नारळ, कुंकवाचा करंडा. त्यांच्या मागे अख्खी गल्ली. कुणाच्या हाती स्टीलचा डबा, कुणाच्या हाती चादर, एकानं नवरदेवासाठी टॉवेल-टोपीही आणलेली. शांताकाकूंनी मंडपात नजर फिरवली आणि मोठ्यानं विचारलं, "काव, नवरदेव आला नाही का अजून?"

क्षणभर मला वाटलं, कुणी थट्टा करतंय. मग बंडूचा हसरा चेहरा दिसला, यांचा पांढरा पडलेला चेहरा दिसला आणि सगळा उलगडा झाला. मंडपाला लागूनच प्रीतीची खोली, दार लावलेलं, पण एकूण एक शब्द आत जात असणार. ज्या गोष्टीवरून माझी मुलगी तोंड लपवून बसली होती, ती गोष्ट साऱ्या गावासमोर तिच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. मला देवाचा इतका राग आला, की तुझं तू पाह्य म्हटलं ते याच्यासाठी का, असं त्याला विचारावंसं वाटलं.

पण खोटं बोलून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "काकू, नवरदेव नाही. लगन बी नाही. हे आमच्या मंडळीचं जेवण हाय, सणाचं. त्याले आम्ही प्रीतिभोजन म्हणतो." मंडळीतल्या माणसांनी माना खाली घातल्या, टॉवेल-टोपीवाल्यानं हात पाठीमागे नेला. बंडू तर रडवेला झाला.

शांताकाकूंनी हातातलं ताट नीट सावरून धरलं. मग म्हणाल्या, "मंग काय झालं? मी का त्या नवरदेवाच्या तोंडाकडं पाहून आहेर आणला? मी तं त्याले पाह्यलं बी नाही. मी पोरीले पाह्यलं, एवढुशी होती तवापासून. आणलेला आहेर वापस नेत नसते व, घराची बरकत जाते. कुठी हाय माही पोट्टी?"

दाराची कडी वाजली. मला वाटलं, आता ही रडणार किंवा सगळ्यांना जा म्हणणार. प्रीती उंबऱ्यात उभी होती. घरातलाच साधा ड्रेस, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि ती हसत होती. चांगली तोंडावर हात ठेवून, खांदे हलेस्तोवर हसत होती. म्हणाली, "काकू, भोजन माह्या नावाचं, अन् मीच घरात उपाशी बसून राह्यली! हे काय बरं दिसते का?"

आधी शांताकाकू हसल्या, मग बंडू, मग सगळा मंडप. मी मात्र खांबाला धरून रडत होते, कारण पावसाळ्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. शांताकाकूंनी तिला जवळ घेतलं, साडी तिच्या हातात दिली आणि सवयीनं करंड्यात बोट बुडवलं. मग थबकल्या. "तुमच्यात कुकू चालत नाही न व?" असं म्हणून त्यांनी बोट पदराला पुसलं आणि दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग एकेक जण पुढे आला. टॉवेल-टोपीवाल्यानं विचारलं, "हे कोणाले देऊ आता?" प्रीती म्हणाली, "पप्पाले द्या, त्याहीनंच घोळ केला." यांनी टोपी घातली ती दिवस मावळेपर्यंत काढली नाही.

आता पोटाचा प्रश्न होता. सगळ्यांच्या चुली बंद, आणि आमचा स्वयंपाक मंडळीपुरता. त्यातून गल्लीत बरेच जण माळकरी, त्यांना मटण चालायचं नाही. पण बंडू म्हणाला, "काकू, गल्ती माही हाय. रोडगे मी लावतो." तो घरून गोवऱ्या आणि कणीक घेऊन आला, कुणी शेतातली वांगी आणली. आमच्या मंडळीतल्या बाया आणि गल्लीतल्या बाया एकाच परातीभोवती बसून कणकेचे गोळे वळू लागल्या. पुरुषांनी गोवऱ्यांचा जाळ केला. निखाऱ्यात रोडगे भाजेपर्यंत कुणीतरी प्रीतीला म्हणालं, तवर एखादं गाणं होऊन जाऊ दे, आणि तिनं नाताळचं गाणं धरलं. मंडळीनं साथ दिली. शांताकाकूंना शब्द येत नव्हते, पण टाळ्या त्यांच्याच सगळ्यांत मोठ्या होत्या. मग आधी पोरं, मग सगळे जेवले, आणि पंगतीत वाढायला प्रीती फिरत होती. कुणी पुरे म्हटलं की म्हणायची, "माह्या घरचं जेवण हाय, लाजू नोका."

निघायच्या वेळी पाळकसाहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, आहेर आला तं उलटा आहेर द्या लागते न?" माझ्याकडे द्यायला काय होतं? त्यांनी भेटींच्या टोपल्याकडे बोट केलं. मंडळीतल्या कुणालाही विचारावं लागलं नाही. पोरांनी सुद्धा हू की चू केलं नाही. टोपलं प्रीतीच्या हाती दिलं, आणि शेजारचे लोक एकेक करून त्यात हात घालून भेट उचलत गेले. शांताकाकूंना मिळाली लोकरीची कानटोपी. तिथंच डोक्यावर चढवून त्या घरी गेल्या. आमची मंडळी त्या नाताळात रिकाम्या हातांनी परतली, आणि मी तिला इतकं खुशीत परतताना कधी पाहिलं नव्हतं.

हा चमत्कार होता की बंडूच्या समजुतीची चूक, या वादात मी पडत नाही. हे म्हणतात, आपल्या पेपर वाचण्यातही प्रभूची योजना होती. मी म्हणते, चहा प्या. पण एक गोष्ट मला कळली. मी शिवणारी बाई, गिऱ्हाईक माप देतं तसंच कापड कापायचं एवढं मला ठाऊक. मी देवालाही तसंच माप देत आले होते, इतकं लांब, इतकं रुंद, आणि या तारखेच्या आत. मी माप देणं थांबवलं त्या दिवशी त्यानं मला जे दिलं, ते मागायची अक्कलही मला नव्हती. प्रीतीचं लग्न अजून ठरलेलं नाही. ठरेल किंवा नाही ठरणार, ते त्याच्या हाती दिलं आहे आणि आता मी मधे मधे पाहायलाही जात नाही.

त्या संध्याकाळी आवराआवर झाल्यावर मी प्रार्थनेला बसले. बाहेर प्रीती बंडूला मंडपाचं कापड घडी करायला मदत करत होती आणि त्याला छेडत होती, "बंडूभाऊ, पुढच्या वेळी नवरदेव बी तुमीच आणजा." तो हात जोडत होता, ती हसत होती. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मागायला काहीच आठवेना, म्हणून नुसतं आमेन म्हटलं.