दर्याच्या पात्रात लावलेली गाडी

आधी तिचं सांगते, मग बाकीचं. मालवणच्या खाली एका लहानशा गावात मासे विकणारी एक बाई होती. कपाळावर हे एवढं कुंकू, अंबाड्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणि आवाज असा, की पलीकडच्या गावची कुत्री उठून बसावीत. मी तिला मावशी म्हणत होते, इथंही तेच म्हणते. माझं घर तिनं वाचवलं. घर चार भिंतींचं नव्हतं, चार चाकांचं होतं. पण आमच्याजवळ तेवढं एकच होतं.

मी म्हसवडच्या बाजूची. सातवीत होते तेव्हा दुष्काळ पडला, शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न झालं. मालक फौजेत डायवर. लढाई संपल्यावर काही वर्षांनी ते घरी आले, तोवर भावांनी वाटण्या करून ठेवल्या होत्या. आमच्या वाट्याला अर्धा गोठा आणि कोरड्या विहिरीचा तिसरा हिस्सा आला. मालकांनी गोठ्यात उभं राहून वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "आपुन गाडी घिऊ."

गाडी म्हणजे बैलगाडी असं मला वाटलं. आठ दिवसांनी ते सांगलीहून परत आले ते लष्कराच्या लिलावात काढलेली जुनी अँबुलन्स घेऊन. हिरवा रंग उडालेला, दोन्ही अंगांना लाल फुलीची पुसट खूण. आत आजाऱ्यांना निजवायच्या दोन फळ्या, एक खाली, एक वर. मालक म्हणाले, "ह्यो आपला पलंग." खालच्या फळीवर ते, वरच्या फळीवर मी. मी स्टोव्ह मांडला, लुगडं फाडून खिडकीला पडदा केला, औषधांच्या पेटीत कोंबडी बसवली. कोंबडीला ती पेटी एवढी आवडली, की तिनं दुसऱ्याच दिवशी त्यात अंडं घातलं. जाऊबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "चाकं लावलेल्या घराला उंबरा कुठला गं? लक्ष्मी आत यायची कुठनं?"

"मागच्या दारानं," मालक म्हणाले. "स्ट्रेचर तितनंच आत येतंया."

धंदा असा ठरला. सांगलीत गूळ-हळद भरायची, फोंड्याचा घाट उतरायचा आणि किनाऱ्यानं गावोगाव विकत जायचं. माझा जन्मापासूनचा स्वभाव भित्रा. घाटात प्रत्येक वळणाला मी एक ढेप पोटाशी धरून नाथबाबाला नवस बोलायची. खाली पोचेपर्यंत देवाला एवढी नारळं कबूल झाली होती, की कोकणात उतरलो तेच बरं झालं.

आणि मग मजाच मजा. सकाळी उठावं तर दारात नारळीची बाग, दुपारी जेवायला बसावं तर दारात खाडी. खाडीवर पूल नसला की आल्या वाटेनं मागं फिरायचं आणि दुसरीकडून जायचं. घर रोज नव्या गावात, आणि मी मात्र रोज त्याच स्टोव्हपुढं भाकरी थापतेय, ह्याचं मला एवढं हसू यायचं, की भाकरी वाकडी व्हायची. माहेरची आठवण आली की रडूही यायचं. पण रडायला लागलं की गाडी हमखास खड्ड्यातून जायची, हुंदक्याची उचकी व्हायची आणि मालक पुढून ओरडायचे, "रड की, थांबलीस का?"

लाल फुलीमुळं फार घोटाळे व्हायचे. एका गावात आम्ही वडाखाली गाडी लावली, तर थोड्याच वेळात रांग लागली. पहिल्याच म्हाताऱ्यानं मालकांपुढं जीभ बाहेर काढली.

"आवं आजोबा, आमी डागदर न्हाई. गूळवालं हाय."

म्हाताऱ्यानं जीभ आत घेतली, जरा विचार केला. "गोड औषध? मगे द्या. माका चलात."

त्या रांगेत आमचा अर्धा गूळ खपला.

असं करत करत आम्ही मावशीच्या गावाला आलो. तोवर दर्या लांबूनच दिसला होता, झाडांच्या फटीतून. त्या दिवशी रस्ता संपला आणि समोर सगळा तोच. मला पहिलं काय वाटलं असेल? वाटलं, उसाला पाणी देता देता कुणी पाट फोडला आणि बंद करायला विसरून गेला.

पाणी लांब होतं. मधे सपाट, ओली, घट्ट वाळू. मालकांनी उतरून बुटाची टाच आपटून बघितली. "बघ, खळ्यागत कडक हाय. हितंच मुक्काम."

"आवं, पर पाणी वर आलं तर?"

"अगं, मी राजस्थानात वाळूत गाडी चालवलीया. वाळूचं मला सांगू नगंस. आन पाणी वर यायला पाऊस लागतो. वर बघ. एक तरी ढग हाय का?"

मी वर बघितलं. ढगाचा एक पुंजका नव्हता. मग माझीही खात्री पटली. हसू नका, आमच्याकडे माणगंगेचं पात्र वर्षातले बाराही महिने कोरडंच म्हणायचं. जत्रेत सगळ्या गाड्या पात्रातच सुटतात, पाळणे पात्रात, भेळवाले पात्रात, नवरानवरीची भांडणंही पात्रात. वरच्या अंगाला ढग दिसला तरच सामान उचलायचं. ढग नाही तर पाणी नाही, हे आम्हाला अक्षरं शिकायच्या आधी शिकवलेलं. तेव्हा आम्ही दोघांनी शहाण्या माणसांसारखं आभाळ नीट बघून घेतलं आणि गाडी पार खाली, दर्याच्या पात्रात, मागचं दार पाण्याकडे करून लावली. वर गावातली एक-दोन माणसं आमच्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

मालक पाटीत गूळ घालून गावात गेले. मी भाकरीला बसले. तव्यावर तिसरी भाकरी होती तेव्हा बाहेर कुणीतरी गाडीला थप्पड मारावी तसा आवाज झाला. दार उघडलं, तर पायरीखाली पाणी.

माझ्या डोक्यात एकच आलं. वरच्या कुठल्यातरी धरणाचं दार उघडलं!

"कुणी सोडलं रं पाणी?" मी जोरात ओरडले. तिथं होतं कोण? एक बगळा होता, तो उडून गेला. मी ओंजळभर पाणी घेऊन चाखलं. खारट. एवढं मीठ धरणात कुणी घातलं असेल ह्याचा विचार करेपर्यंत दुसरी थप्पड बसली आणि गाडीचं मागचं चाक वाळूत बसायला लागलं.

मी घाबरले होते आणि तोंडातून मात्र खुदुखुदु हसू येत होतं. माझं भीतीत असंच होतं. गुळाच्या ढेपा उचलून वरच्या फळीवर टाकल्या. पाण्यात गूळ गेला की संपला, दर्या गोड होईल आणि आम्ही उपाशी मरू. हळदीचं पोतं चढवलं. कोंबडी टपावर सोडली. टपावरून ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी जाऊबाईच दारात उभी आहे. आणि तेव्हा माझं हसू थांबलं. ही गाडी गेली तर परत त्या अर्ध्या गोठ्यात जायचं. भाकरी कुणाच्या चुलीवर भाजायची ते विचारून भाजायची.

तेवढ्यात मावशी आली. डोक्यावर पाटी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. माझ्याकडे बघून ती एवढी हसली, की पाटी खाली ठेवावी लागली.

"काय गो बाये! गाडयेक न्हाण घालूक हाडलात काय?"

"मावशी, धरण फुटलं!"

"धरण नाय गो, भरती! दर्या दिसाक दोनदा येता नि दोनदा जाता."

"रोज?"

"रोज."

"पाऊस नसला तरी?"

ह्यावर ती जी हसत सुटली ती थांबेना. मग एकदम गंभीर झाली, चाकाकडे बघितलं, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि वाडीकडे तोंड करून जी आरोळी ठोकली, ती मी आजही ऐकते. "रापणकारांनू! धावा रे! जाळ्यात गाडी गावली हा!"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. त्याची दोन टोकं दोन रांगांनी ओढायची, अख्खी वाडी लागते. त्या दिवशीची रापण सकाळीच ओढून झाली होती, माणसं जाळं वाळवत बसली होती. ती सगळी दोर खांद्यावर टाकून धावत आली. मागून म्हातारे, बाया, पोरं, आणि हे सगळं काय चाललंय ते बघायला आलेले शाळेचे मास्तर.

मालकही धापा टाकत पोचले. कुणाशी काही न बोलता आत चढले आणि गाडी चालू केली. चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली, गाडी आणखी एक वीत खाली गेली.

"बंद कर ता!" मावशी गरजली. "उतर खाली! इंजनान भोक पाडशीत नि पाताळात जाशीत!"

मालकांनी उभ्या आयुष्यात फक्त सुभेदाराचं ऐकलं होतं. त्यांनी किल्ली फिरवली, खाली उतरले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"हुबो काय रवलंस? दोरयेक हात लाव!"

पुढच्या दोन हुकांना दोन दोर बांधले. दोन रांगा झाल्या, जाळ्याला होतात तशाच. मी उजव्या रांगेत, माझ्या पुढं मास्तर, मागं दात पडलेली एक आजी. मावशी मधोमध उभी राहून हात वर-खाली करत आवाज देत होती आणि सगळे "होऽऽ" म्हणून मागं रेलत होते. दोर ओला, खरखरीत, हाताची सालपटं निघाली. गाडी हलेना. लाट आली, मागच्या दारातून आत गेली आणि माझा पोळपाट घेऊन बाहेर आली.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाथबाबाच्या नावानं..."

मालक पलीकडच्या रांगेतून ओरडले, "चांगभलं!"

हे काहीतरी नवीन, म्हणून पोरांना लई आवडलं. पुढच्या खेपेला "होऽऽ" आणि "चांगभलं" एकदमच झालं, त्याच वेळी एक मोठी लाट मागून गाडीच्या पोटाखाली शिरली, आणि चाकं सुटली. एवढी अचानक सुटली, की दोन्ही रांगा पाठीवर आडव्या. मास्तर माझ्या पायांवर, मी आजीच्या मांडीवर. आजी म्हणाली, "उठ गो, माका आता लेकरू नको."

मग मात्र गाडी रथासारखी आली. टपावर कोंबडी, खालून पाणी गळतंय, दोन्ही बाजूंनी माणसं नाचताहेत. वरच्या कोरड्या वाळूत आल्यावरच थांबलो. मी पळत जाऊन वरच्या फळीवर हात फिरवला. गूळ कोरडा. मी तिथंच बसून रडले, आणि गाडी उभी असल्यानं ह्या खेपेला उचकी लागली नाही.

बाहेर आले तर सगळे गोल करून बसलेले. कुणी जाईना. मी मालकांना हळूच विचारलं, "आवं, ही समदी कशाला बसल्यात?"

मास्तरांनी सांगितलं. रापणीचा नेमच आहे. दोराला ज्यानं ज्यानं हात लावला त्याला जाळ्यात जे आलं त्यातला वाटा. लहान पोरगं असो की वाटेनं जाणारा पाहुणा असो. आणि आज जाळ्यात आली होती आमची गाडी.

मला वाटलं, एक चाक ह्याला, एक दार त्याला. एका पोरानं तर कोंबडीवर नजर लावली होती.

"गूळ काढ," मालक म्हणाले.

ढेपा फोडल्या. वाटे मावशीनं केले, मासळीचे करावेत तसे, वाळूवर केळीची पानं मांडून, डोळ्यांनी तोलून. एकाला मोठा, एकाला बारका असं नाही. मालकांच्या हातात एक खडा ठेवला. मग माझ्यापुढं आली.

"घे. तुझो वाटो."

"आवं मावशी, गूळ माझाच हाय की!"

"मगे? दोरयेक हात लावलंस ना? नेम तो नेम."

माझ्याच गुळाचा खडा मी वाट्याला आला म्हणून खाल्ला. सगळं गाव हसत होतं आणि मी पण. एवढं गोड मी पुन्हा काही खाल्लं नाही.

सगळ्यांचं झालं, पानं संपली. मावशीचे हात रिकामे. मी सगळ्यात चांगली, पिवळीधमक अर्धी ढेप काढून तिच्यापुढं धरली. तिनं हात मागं घेतले.

"मी खंय हात लावलंय? मी नुसती बोंबललंय. बोंबलण्याक वाटो नसता."

मी पाया पडले, आर्जवं केली, मालकांनी सलाम ठोकला. ऐकेल तर शपथ. पाटी डोक्यावर चढवता चढवता माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "रवांदे तुझ्याकडे. दर्या खंय पळान जाता?"

मग गाडीत काय काय झालं, आम्ही किती वर्षं फिरलो, शेवटी फलटणच्या बाजूला चाकं काढून उंबरा कसा घातला, ते सगळं वेगळंच. पण त्या गावाला परत जायचं राहिलं. एकदा खाडी आडवी आली, एकदा गाडी बंद पडली, एकदा लेक पाळण्यात होती. मावशी आता असेल का, कळायला मार्ग नाही. पण तिचं राहिलेलं माझ्याकडे आहे, हे मला रोजच्या रोज ठाऊक असतं. मी जाणार. पुरती ढेप घेऊन जाणार, आणि ह्या खेपेला गाडी वर रस्त्यावर उभी करून चालत जाणार. मावशी, तुमचा वाटा मी पोचता करीन.