हात हलला तरच चालणारं घड्याळ

माझ्या भावजयीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी नळाला पाइप लावून ड्रम भरत होते. आमच्याकडे दिलसुखनगरात पाणी एक दिवसाआड येतं, आणि आलं की माणूस बाकी सगळं विसरतो. "आक्का, तुम्ही या," एवढंच ती म्हणाली. माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला, पहाटे दवाखान्यात नेलं होतं हे मला ठाऊकही नव्हतं. पण तिच्या आवाजात घाई अजिबात नव्हती, आणि त्यावरूनच मला कळलं. नळ बंद केला की नाही ते मला आजही आठवत नाही. दवाखान्यात एका नर्सने माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. तीत त्याचा चष्मा होता, घडी घातलेला शर्ट होता आणि हिरव्या तबकडीचं घड्याळ होतं. घड्याळ चालू होतं. मला त्याचा इतका संताप आला की तिथेच फरशीवर आपटावंसं वाटलं. माझा भाऊ आत चादरीखाली, आणि याची आपली टिकटिक सुरूच…

संध्याकाळी स्मशानातून परतलो. त्रिशरण-पंचशील झालं, नातेवाईक उठून गेले. मग मी ती पिशवी पुन्हा उघडली, तर घड्याळ थांबलं होतं. त्यात नवल काही नव्हतं. या घड्याळाला सेल नाही आणि चावीही नाही. हातात घालून हात हलला की आतलं एक वजन गरगरतं आणि स्प्रिंग भरते; हात हलला नाही की ते बंद पडतं. मग त्या सकाळी ते कुणाच्या हाताच्या हलण्यावर चालू होतं, हे त्या पिशवीकडे बघताना मला ठाऊक होतं. मला एकटीलाच ठाऊक आहे, असं मी तेव्हा धरून चालले होते.

आमचे बाबा किनवटकडचे. नामपल्ली स्टेशनात रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होते. घरात घड्याळ नव्हतं. ड्यूटीला निघायच्या आधी ते समोरच्या घरी वेळ विचारायला जायचे, आणि तो गृहस्थ मनात असेल तर सांगायचा, नसेल तर ऐकू न आल्यासारखं करून पेपर वाचत बसायचा. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहून वाट बघायचे. ते दृश्य मी आणि मिलिंदने खिडकीतून कितीदा तरी पाहिलंय. पुढे बाबांनी बंगळूरच्या कारखान्यातलं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ घेतलं. जयंतीच्या दिवशी पांढरा शर्ट घालून ते निघाले की डाव्या हाताची बाही एक घडी जास्त वर असायची. गावाकडून आलेले चुलते ते घड्याळ कानाला लावून बसायचे, परत द्यायचं नाव घ्यायचे नाहीत. सकाळी चावी द्यायचं काम मिलिंदचं. बाबा आंघोळीला गेले की तो ते घड्याळ असं हातात घ्यायचा की जणू आत एखादं पाखरू आहे. समोरच्या गृहस्थाने एकदा गल्लीत बाबांनाच वेळ विचारली. बाबांनी सांगितली, अगदी नम्रपणे. रात्री जेवताना मात्र ते स्वतःशीच हसत होते, आणि मिलिंद त्यांच्याकडे बघून हसत होता. त्याचं घड्याळांचं वेड तिथून सुरू झालं, असं माझं मत आहे. त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, वेडाला कारण कामून लागतं?

सरकारी कचेरीत कारकून झाल्यावर त्याने दर गुरुवारी सकाळी जुमेरात बाजार धरला. तिथे जुन्या टेपरेकॉर्डरच्या, कुलपांच्या आणि पितळेच्या नळांच्या ढिगात घड्याळं असतात. त्याचे नियम दोनच होते. घरच्या किराण्याला धक्का लागेल असं घड्याळ घ्यायचं नाही, आणि घेतलेलं प्रत्येक घड्याळ हातात घालायचंच. लोकांकडे असतं तसं मोठ्या नावाचं घड्याळ त्याच्याकडे एकही नव्हतं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. वैशालीच्या बांगड्यांचा लाकडी स्टँड त्याने बळकावला होता. लग्नानंतर तिने लाड बाजारातून हौसेने आणलेल्या बांगड्या डब्यात गेल्या आणि स्टँडवर घड्याळं चढली. ती तक्रार करायची, पण रविवारी फडक्याने पुसायचीही तीच. त्यांना मूलबाळ नाही. घरात ती दोघं आणि ही टिकटिकणारी बिऱ्हाडं. मी जांबागच्या शाळेत मराठी शिकवत होते; शाळा सुटली की त्यांच्याकडे चहाला जायचे आणि हमखास टोमणा मारायचे, की माणसाला हात दोन आणि तुझा संसार केवढा. तो उलट माझ्यापुढे स्टँड धरायचा आणि विचारायचा, आज कोणतं घालू सांग. तपासणीला साहेब यायचा असेल तर काळं. पगाराच्या दिवशी सोनेरी कड्याचं. मी रागावलेली असले की मुद्दाम एक बायकी, इवलंसं घड्याळ घालून समोर यायचा, आणि मला हसू आलं की काढून ठेवायचा.

हिरव्या तबकडीचं जपानी ऑटोमॅटिक असंच बाजारातून आलेलं. कोठी भागातल्या फुटपाथवर घड्याळं दुरुस्त करत बसणाऱ्या करीमभाईंनी ते उघडून बघितलं आणि म्हणाले, "साब, इसका दम छोटा हो गया. हाथ चलता तो चलती, नई तो सो जाती." स्प्रिंग बदलून देतो म्हणाले, तर मिलिंद नक्को म्हणाला. दमलेलं आहे तर असू दे, मी चालत राहीन, असं त्याचं उत्तर. हे त्याने मला घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

गेल्या वर्षी त्याला झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण परत आलं. पाय थोडा परत आला. डावा हात आला नाही. तो हात उशीवर ठेवलेला असायचा, आणि मिलिंद त्याच्याकडे अशा नजरेने बघायचा की जणू घरात कुणी पाहुणा येऊन बसलाय आणि जायचं नाव घेत नाही. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा काय मागितलं, तर हे हिरवं घड्याळ. ते डाव्या मनगटावर बांधायला लावलं आणि आम्हाला हिशेब समजावून सांगितला. संध्याकाळी बांधताना ते थोडं हलेल आणि चालू होईल. रात्रीत हात जर थोडासुद्धा हलत राहिला, झोपेत का होईना, तर सकाळी ते चालू असेल. नाही हलला, तर थांबलेलं असेल. डॉक्टर काही म्हणोत, हे घड्याळ खोटं बोलणार नाही. मग रोज सकाळी वैशाली वाकून त्याच्या मनगटाला कान लावायची. रोज ते थांबलेलं असायचं. ती सरळ उभी राहायची, पदर नीट करायची आणि म्हणायची, "आज नाही. उद्या होईल." तिचा चेहरा त्या क्षणी बघवायचा नाही. मी कधी त्या वेळेला हजर असले तर गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायचे, ओले नसले तरी.

आम्ही काय काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आमच्या घरात कधी नवस झाला नाही, अंगारा आला नाही. बाबांनी त्या सगळ्याला दारातूनच परत पाठवलं होतं. त्याच घरात मी बीदरकडच्या कुणा वैदूचं काळं तेल आणलं, कबुतराच्या रक्ताचं म्हणतात ते लेपन आणलं, आणि कुणीतरी दिलेला मंतरलेला दोरा पर्समध्ये घेऊन हिंडत राहिले. बांधायचा धीर झाला नाही आणि टाकायचाही झाला नाही. हात जर परत आला नाही तर नोकरी जाणार, हे तर होतंच. पण त्याहून भीती वेगळी होती. मिलिंद हळूहळू बोलायचा बंद होत चालला होता. स्टँडवरच्या घड्याळांकडे पाठ करून झोपायचा. जेवण पुढे आलं तर म्हणायचा, कशाला. वैशाली एकदा मोरीत नळ सोडून रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी बाहेरूनच मागे फिरले.

आणि एका सकाळी तिचा फोन आला. "आक्का, चालू आहे. दोनदा कान लावला मी." मी रिक्षा करून गेले. खरंच चालू होतं. मिलिंद उशीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर जुना खट्याळपणा, आणि म्हणत होता, मी काय म्हणत होतो? वैशालीने त्या दिवशी खीर केली. दुसऱ्या दिवशी चालू, तिसऱ्या दिवशीही चालू. व्यायाम करून घ्यायला येणारी तेलुगू मुलगी हात उचलून बघायची, बोटं दाबायची आणि मान हलवायची. स्नायूत काही नाही म्हणायची. आम्ही तिच्यावर चिडलो. हिला काय कळतंय, एवढंसं पोर, असं आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोललो. वैशाली पुन्हा केसांत गजरा माळायला लागली. मिलिंद जेवायला लागला.

पुढे वैशालीला ताप आला म्हणून मी त्यांच्याकडे मुक्कामाला राहिले. उजाडायच्या सुमाराला जाग आली. त्याला पाणी हवंय का बघावं म्हणून दार ढकललं. मिलिंद पलंगावर बसला होता. उजव्या हाताने त्याने आपलं डावं मनगट धरलं होतं आणि तो ते हलवत होता. इकडून तिकडे, इकडून तिकडे, न थांबता. कपाळावर घाम होता. डावा पंजा खाली लोंबत होता आणि नुसता डुलत होता… मला बघून तो थांबला. मी दारातच उभी.

"वैशालीला नको सांगू, आक्का," तो म्हणाला. जीभ अजून जड होती. "सकाळी तिचं तोंड बघवत नई मला. लई वाट बघती ती."

मी त्याच्याजवळ बसले, घाम पुसला. मला रडू आलं तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, थांब, अजून भरलं नाही. आणि पुन्हा हलवायला लागला. थोड्या वेळाने वैशाली तापातच उठून आली, वाकली, मनगटाला कान लावला आणि म्हणाली, चालू आहे. मीही कान लावला आणि म्हणाले, हो, चालू आहे. त्या आवाजाची मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नव्हती. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेले तेव्हा मी तेच केलं. आम्ही तिघंही त्या घड्याळाभोवती हसत होतो. मग दुसरा झटका आला, पहाटेच. घड्याळ भरून झाल्यावर आला असणार, कारण नर्सने पिशवी दिली तेव्हा ते चालू होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्या संध्याकाळी वैशाली स्टँडसमोर बसली होती. एकेक घड्याळ फडक्याने पुसत होती. चावीची सगळी थांबलेली. मी तिच्याजवळ बसले. मनात हेच घोळत होतं की ही आता म्हणणार, हात परत येत होता हो आक्का, अजून थोडे दिवस मिळायला हवे होते. आणि मी काय करू, तिचा हा एवढा आधारसुद्धा काढून घेऊ का? तिने हिरवं घड्याळ उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही घेऊन जा. माझ्याच्याने घरात नाही ठेववत." मग फडकं घडी करत म्हणाली, "उजवा दंड रोज दुखायचा त्यांचा. मी रोज तेल लावायचे. चांगल्या हाताला तेल कशाला लागतं, आक्का?"

मी मांडीवरचं घड्याळ पालथं केलं.

"त्यांना वाटायचं मला आनंद होतो. म्हणून मी आनंदी व्हायचे."

एवढं बोलून ती उठली आणि चहा ठेवायला गेली. मी तिथेच बसून होते. तो तिच्यासाठी हलवत होता, ती त्याच्यासाठी हसत होती, आणि हात तर गेलेलाच होता. पहिल्या दिवसापासून गेलेला होता. लोक म्हणतात केवढं प्रेम होतं. असेल. मला मात्र तो पहाटेचा घाम दिसतो आणि वाटतं, कुणीतरी एकाने तरी त्याला म्हणायला हवं होतं, की बस झालं रे, दमलास, झोप आता.

हिरवं घड्याळ मी डाव्या हातात घालते. निवृत्त बाईचा हात हलून हलून किती हलणार? कणीक मळताना, केर काढताना ते चालतं. पण गेले काही दिवस मी हे लिहायला बसते आहे. उजवा हात कागदावर चालतो आणि डावा कागद धरून मुकाट पडलेला असतो. आत्ता सहज नजर गेली तर काटा थांबलेला. वैशाली संध्याकाळी येणार आहे. ती काही विचारणार नाही, पण तिची नजर आधी माझ्या मनगटावर जाईल, दर वेळी जाते. मी पेन खाली ठेवते, उजव्या हाताने डावं मनगट धरते आणि हलवायला लागते… इकडून तिकडे, इकडून तिकडे. अजून भरलं नाही.