हात सैल सोडा, काका

दुकानातला माल विकला की जागा मोकळी होते. किस्से सांगितले की उलट वाढतात. कलबुर्गीत आमचं तूरडाळीचं दुकान. पुतणी शिवलीला इथल्याच एका दवाखान्यात मेंदूवर संशोधन करायलीय. तपासायला धडधाकट माणसं हवीत म्हणाली, म्हणून आमची सगळी बैठक एकेक करून तिच्या खुर्चीत बसून आली. आता चहाला दुसरा विषयच न्हाई.

काम असं. डोक्यावर चुंबकाची कॉइल धरून ठोका दिला की हाताचं पहिलं बोट आपोआप उडतं. त्याच्या निमिषभर आधी एक हलका ठोका दिला, तर तेच बोट कमी उडतं. म्हणजे मेंदूत ब्रेक आहे. शिवलीला तो ब्रेक मोजते. तिच्या सरांनी बजावलं होतं, एकाच माणसाचं माप दोन वेगळ्या दिवशी सारखं येत न्हाई तोवर पेशंटला हात लावायचा न्हाई. आणि पहिला पेशंट तिनं मनात ठरवलेला होता: तिचे अप्पा, म्हणजे वडील, माझे थोरले भाऊ अण्णा. लकव्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो.

*

पहिला मी बसलो. हाताला तारा चिकटवल्या; स्नायू ताणलेला असला की मशीन खरखरतं.

"हात सैल सोडा, काका."

"सोडलाय की."

"मशीन न्हाई म्हणायलंय."

जन्म गल्ल्यावर गेलेला हात. सैल सोड म्हटल्यावर काय करायचं हेच त्याला कळेना. शेवटी ती म्हणाली, "दुकान बंद आहे असं समजा."

मशीन आणखीच खरखरायला लागलं!

*

मल्लण्णा जनावरांच्या बाजारातला दलाल. रुमालाखाली बोटं धरून भाव करणारा माणूस. एसीचा गारठा लागू नये म्हणून शिवलीलानं त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि ठोका दिला. टॉवेलखाली बोट उडालं.

मल्लण्णानं आजूबाजूला बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "हा भाव मी बोललेलो न्हाई."

*

शेजारचे बारदानवाले इस्माईलभाई. त्यांचं माप पहिल्या दिवशी एक आलं, आठवड्यानं भलतंच. शिवलीलानं झोप विचारली, चहा विचारला, गोळ्या विचारल्या. सगळं तेच. मग ते आपणहून म्हणाले, "उस दिन डर लग रा था बेटा. आज नइं."

पोरगी त्या दिवशी जेवली न्हाई. "मग खरं माप कोणतं, काका? भ्यालेल्या माणसाचं का न भ्यालेल्याचं?"

मी म्हणालो, एका मुठीवरनं आम्ही पोत्यातला माल ठरवत न्हाई, चार जागची मूठ काढून बघतो.

"सर पण हेच म्हणायलेत," ती म्हणाली, "फक्त इंग्रजीत."

मग तिनं ठोके वाढवले, सरासरी धरली, डोक्याला घट्ट टोपी घालून तिच्यावर खूण करून कॉइलची जागा पक्की केली, वेळही तीच ठेवली. मापं जुळायला लागली. इस्माईलभाईंचंसुद्धा.

*

सरांनी परवानगी दिली. अण्णांना खुर्चीत बसवलं, डॉक्टर शेजारी उभे राहिले. पहिले ठोके वाया गेले. शिवलीलानं कॉइल केसभर सरकवली, पुन्हा ठोका दिला, आणि अण्णांचं उजवं बोट हललं.

अण्णा बोटाकडं बघत राहिले. मग जड जिभेनं म्हणाले, "कुणी हलवलं?"

"मी हलवलं, अप्पा."

तिनं डोळे पुसले आणि स्क्रीनकडं वळली. आता ब्रेक मोजायचा होता. आधी हलका ठोका देणार, त्यानं बोट कमी हलेल, कदाचित हलणारही न्हाई, घाबरू नका, असं तिनं समजावून सांगितलं.

अण्णांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"माप मागनं घे, लीला. आधी आणखी एकदा हलव."